चालेल

बरेच दिवस इथे काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं घडत नव्हतं असं नाही, पण जे घडलं त्यात माझी बाजू फारशी चांगली दिसत नव्हती, म्हणून टाळत होतो. शेवटी म्हटलं, लिहूनच टाकावं. निम्म्या नातेवाइकांना हा किस्सा माहीत आहेच, उरलेल्यांना ताईकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेला बरा :)

किस्सा ग्राफिक्स कार्डाचा आहे. कॉम्प्युटरच्या पोटातल्या गोष्टींशी ज्यांना घेणंदेणं नाही त्यांनी लगेच पळू नये. मला जे म्हणायचंय ते कार्डाबद्दल आहे तितकंच आपल्या सल्ले द्यायच्या सवयीबद्दलही आहे.

तर झालं असं. माझा भाचा आर्किटेक्चर शिकतो. तिसऱ्या वर्षापासून त्यांना इमारतींची थ्रीडी चित्रं करायला लागतात, आणि त्याच्याकडचा डेस्कटॉप म्हणजे कुठल्याशा ऑफिसात चारपाच वर्षं राबून निघालेला, मग झाडूनपुसून पुन्हा विकलेला. मदरबोर्डवरच्याच ग्राफिक्सवर एक चित्र तयार व्हायला पाच-पाच तास लागायचे. सुट्टीत त्याने एका आर्किटेक्टकडे काम करून साडेसोळा हजार रुपये जमवले. माझ्या आईने, म्हणजे त्याच्या आजीने, तिच्या ठेवीच्या व्याजातले दहा हजार घातले. आणि मग त्याने मला फोन केला.

"मामा, आरटीएक्स ३०६० घेऊ का? बारा जीबीवालं. चांगलं आहे ना?"

मी तेव्हा ऑफिसातून निघत होतो. म्हटलं, "घे की, मस्त कार्ड आहे."

"आपल्या मशीनला चालेल ना?"

"चालेल रे."

बस. एवढंच बोलणं. पूर्ण एक मिनिटही नसेल. प्रत्येक घरात एक 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' असतो, आमच्या घरात तो मी. त्यामुळे माझ्या 'चालेल'वर साडेसव्वीस हजार रुपये खर्च झाले.

कार्ड आलं. चार दिवस भाच्याचा फोन नाही. पाचव्या दिवशी ताईचा आला. "अरे, ते बसतच नाहीये. आणि तो आईला काही सांगत नाहीये, जेवताना नुसता गप्प बसतो."

शनिवारी गेलो. कॅबिनेट उघडलं आणि पाहिल्या पाहिल्या कळलं की आपण काय करून बसलोय. कार्ड जवळजवळ २४ सेंटिमीटर लांब. कॅबिनेटमध्ये हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत जागा २१ सेंटिमीटर. ही मापं मी आईच्या शिवणाच्या टेपने घेतली, आणि मनात आलं की हीच टेप पंधरा दिवस आधी वापरली असती तर काय बिघडलं असतं?

पण लांबी हा त्यातला लहान दोष होता. खरा घोळ एसएमपीएसचा. त्याच्यावरच्या लेबलवर लिहिलेलं होतं २४० वॅट. हे कार्ड एकटं १७० वॅट घेतं. प्रोसेसर ६५ वॅटचा. मदरबोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे आणखी तीसचाळीस धरा. बेरीज पावणेतीनशेच्या घरात. शिवाय कार्डाला वरून आठ पिनांची वीजजोडणी लागते, आणि त्या एसएमपीएसमधून तशी वायरच बाहेर येत नव्हती. कार्ड बनवणारेच या कार्डासाठी ५५० वॅटचा एसएमपीएस सांगतात. हे त्या खोक्यावर छापलेलं होतं. वेबसाइटवरही होतं. मला विचारलं तेव्हा फक्त मी सांगितलं नव्हतं.

मग एसएमपीएस बदलू म्हटलं, तर तेही जमेना. अशा ऑफिसच्या तयार मशीनमध्ये बऱ्याचदा मदरबोर्डची मुख्य वीजजोडणी कंपनीची स्वतःची असते, बाजारात मिळणाऱ्या नेहमीच्या एसएमपीएसची २४ पिनांची वायर त्यात जात नाही. आकारही वेगळा, स्क्रूची भोकंही वेगळी. म्हणजे एसएमपीएस बदलायचा तर मदरबोर्ड बदला, मदरबोर्ड बदलायचा तर कॅबिनेट बदला. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तसं.

जवळच्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने एकदा आत डोकावलं आणि म्हणाला, "काही नाही साहेब, हा पिंजरा कापून टाकू. आणि करंटसाठी कन्व्हर्टर आहे माझ्याकडे, दोन साटाच्या वायरींपासून आठ पिन करून देतो. चालेल."

पुन्हा तेच. चालेल!

या वेळी मात्र मी हिशेब केला. साटाच्या वीजजोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. म्हणजे साडेचार अँपिअर, गुणिले १२, झाले ५४ वॅट. दोन मिळून १०८. आणि आठ पिनांच्या जोडणीतून कार्ड १५० वॅटपर्यंत मागू शकतं. मधला फरक कुठे जाणार? वायर आणि कनेक्टर तापण्यात. तेही मुळातच अपुऱ्या एसएमपीएसवर, आणि रात्रभर चित्र तयार करायला लावून पोरगं शेजारच्या पलंगावर झोपलेलं असताना. त्या माणसाला चहा दिला आणि नको म्हणून सांगितलं. तो बिचारा वाईट हेतूने बोलत नव्हता. मीही नव्हतो बोललो.

गंमत बघा, आपल्या भाषेत 'चालेल' या एका शब्दात दोन अर्थ आहेत. एक, यंत्र चालेल. दुसरा, माझी काही हरकत नाही. "चहाऐवजी कॉफी चालेल?" "चालेल." भाचा पहिल्या अर्थाने विचारत होता आणि मी दुसऱ्या अर्थाने उत्तर देत होतो. माझी हरकत नव्हती, एवढंच खरं होतं.

आता थोडं जुनं सांगतो. २००५ साली मी स्वतः हीच चूक केली होती. तेव्हा नवीन नोकरी, हातात पैसे, आणि घरचा पेंटियम. लॅमिंग्टन रोडला (म्हणजे कागदोपत्री डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण दुकानदाराला तसं विचारलंत तर तो दोनदा बघेल) जाऊन जीफोर्स ६६०० घेऊन आलो. घरी आल्यावर कळलं की माझ्या मदरबोर्डवर एजीपीचा स्लॉट आणि आणलेलं कार्ड पीसीआय एक्सप्रेसचं. तेव्हा स्थित्यंतराचा काळ होता. एजीपी १९९७ पासूनचं, पीसीआय एक्सप्रेसचे बोर्ड २००४ पासून येऊ लागलेले, आणि एकाच नावाचं कार्ड दोन्ही प्रकारांत मिळायचं. नाव एक, खाच वेगळी. दुसऱ्या दिवशी पुन्हा लोकल पकडून गेलो. दुकानदाराने वर तीनशे रुपये घेऊन बदलून दिलं आणि म्हणाला, "बोर्डाचा नंबर लिहून आणत जा."

त्या काळात ही शिस्त आपोआप लागायची, कारण चुकीचं कार्ड आतच जायचं नाही. पुढे एजीपी गेलं आणि सगळीकडे पीसीआय एक्सप्रेसच राहिलं. त्याची खुबी अशी की नवं कार्ड जुन्या स्लॉटमध्ये बसतं आणि जुनं नव्यात. वीस वर्षं झाली, लांब स्लॉटचा आकार तोच आहे. माझं मत असं झालंय की या सोयीनेच आपल्याला आळशी केलं. खाच एक झाली आणि आपण तपासणं सोडलं. पण दरम्यान बाकी सगळं बदललं होतं. २००५ सालची बरीच कार्डं तळहातापेक्षा थोडी मोठी असायची. आता तीस सेंटिमीटरच्या पुढची, दोन-अडीच स्लॉटची जाडी असलेली कार्डं सर्रास मिळतात. स्लॉट स्वतः फार तर ७५ वॅट देतो, त्यावरचं सगळं एसएमपीएसकडून वायरीने आणावं लागतं. सहा पिनांतून ७५, आठ पिनांतून १५०. २०२२ साली आलेल्या आरटीएक्स ४०९० ची मागणी ४५० वॅटची, आणि त्यासाठी १६ पिनांची नवी जोडणी. त्यातल्या काही जोडण्या तापून वितळल्याच्या बातम्या त्याच वर्षी आल्या. अनेक ठिकाणी प्लग पूर्ण आत बसलेला नव्हता असं निघालं, आणि पुढच्या वर्षी त्या जोडणीची रचनाच सुधारावी लागली. लाखाच्या वरचं कार्ड, आणि प्लग मिलिमीटरभर बाहेर.

शिवाय बसलं आणि चालू झालं म्हणजे जुळलं, असंही नसतं. २०२२ च्या जानेवारीत आरएक्स ६५०० एक्सटी नावाचं कार्ड आलं. दिसायला लांब स्लॉटचं, पण आतून फक्त चार लेन वापरणारं. नव्या मदरबोर्डवर ठीक. पण स्वस्त कार्ड कोण घेणार? जुनं मशीनवाला. आणि जुन्या तिसऱ्या पिढीच्या स्लॉटवर त्या चार लेनचा वेग निम्मा होतो आणि कार्ड अडखळतं. म्हणजे ज्याच्यासाठी ते स्वस्त, त्यालाच ते महाग. इंटेलच्या आर्क कार्डांचंही तसंच. त्यांना मदरबोर्डच्या बायॉसमध्ये 'रिसायझेबल बार' नावाची सोय लागते, ती नसेल तर कार्ड चालतं पण रडतखडत. यातलं काहीही स्लॉटकडे बघून कळत नाही.

ताईचं म्हणणं वेगळं आहे. ती म्हणते, विकणाऱ्याने विचारायला नको का, तुमचं मशीन कोणतं म्हणून? मुद्दा अगदीच चुकीचा नाही. पण मी नंतर ते पान पुन्हा उघडून पाहिलं. लांबी, जाडी, वॅट, पिना, सगळं लिहिलेलं होतं. कार्डाची बाजू कुणीतरी छापून ठेवतं. आपल्या मशीनची बाजू मात्र आपल्यालाच माहीत करून घ्यावी लागते. विकणाऱ्याला आमच्या कॅबिनेटमधला पिंजरा कसा दिसणार?

माझा एक मित्र म्हणतो, "एवढी कटकट कशाला, सरळ नवीन मशीन घ्यायचं." ज्याच्याकडे पैसे आहेत त्याने जरूर घ्यावं. मी बोलतोय ते ज्यांच्यासाठी पंचवीस हजार म्हणजे अख्ख्या सुट्टीची कमाई आणि आजीचे व्याजाचे पैसे असतात त्यांच्याबद्दल. अपग्रेड हा शब्दच मुळी त्यांच्यासाठी आहे. आणि चूक झाली की सगळ्यात जास्त फटकाही त्यांनाच बसतो, कारण खोकं उघडल्यावर "बसत नाही" या कारणासाठी पैसे परत मिळत नाहीत. आम्हालाही मिळाले नाहीत. कार्डात दोष नव्हताच ना.

तर आता मी काय करतो ते सांगतो. कुणी "हे कार्ड घेऊ का?" असं विचारलं की मी उत्तर देत नाही. आधी म्हणतो, मशीन बंद करून, वायर काढून, कॅबिनेटचं झाकण उघड आणि मला तीन फोटो पाठव. एक मदरबोर्डचा, त्यावरचा नंबर दिसेल असा. दुसरा एसएमपीएसच्या लेबलचा. तिसरा स्लॉटपासून समोरच्या बाजूपर्यंत टेप लावलेला.

लेबलवर मोठ्या अक्षरात काय लिहिलंय त्यावर जाऊ नका. १२ व्होल्टचा रकाना बघा. तिथे किती अँपिअर आहेत त्याला १२ ने गुणा. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड मुख्यतः तिथूनच खातात. स्वस्तातल्या एसएमपीएसवर बाहेर ४५० वॅट लिहिलेलं असतं आणि त्या रकान्यात १४ अँपिअर निघतात. म्हणजे १६८ वॅट. बाकीचे वॅट लेबलापुरतेच. मग त्यातून सहा किंवा आठ पिनांच्या किती वायरी बाहेर येतात ते मोजा. कन्व्हर्टर लावायची वेळ येत असेल तर तिथेच थांबा.

त्यानंतर मॉनिटर. भाच्याचा मॉनिटर जुना, फक्त व्हीजीएचा. नव्या कार्डांवर एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्टच असतात, व्हीजीए नसतं. म्हणजे सगळं बसलं असतं तरी पहिल्या दिवशी पडदा काळाच राहिला असता, सिग्नल बदलणारा कन्व्हर्टर आणेपर्यंत. (हा कन्व्हर्टर बिनधास्त लावा, याने काही जळत नाही.)

आणि यूपीएस! ही आपल्याकडची खास तपासणी. ज्यांच्या घरी वीज जाते-येते त्यांच्याकडे सहसा ६०० व्हीएचा यूपीएस असतो, आणि तो साधारण ३६० वॅटचाच भार घेतो. साधा डेस्कटॉप आणि मॉनिटर त्यावर आरामात चालतात. मोठं कार्ड घातलं की वीज असेपर्यंत काही कळत नाही, आणि वीज गेली की यूपीएस टूं करून बंद. ज्यासाठी तो घेतला नेमकं तेव्हाच.

शेवटचं म्हणजे मशीनचं उरलेलं आयुष्य. भाच्याचा प्रोसेसर इंटेलच्या सहाव्या पिढीतला. विंडोज ११ अधिकृतपणे साधारण आठव्या पिढीपासून पुढेच चालतं, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. अशा मशीनमध्ये साडेसव्वीस हजारांचं कार्ड घालणं शहाणपणाचं होतं का, हा प्रश्न टेप हातात घेण्याच्याही आधीचा. तोही मी विचारला नव्हता.

पुढे काय झालं ते सांगायचं राहिलंच. कार्ड भाच्याच्या ओळखीतल्या एकाला बावीस हजारांना दिलं. वरचे साडेचार हजार मी भरले. तो नको नको म्हणत होता, पण सल्ला माझा होता तेव्हा तोटाही माझा. मग मशीनच्या मॅन्युअलमध्ये बघितलं की स्लॉट खरोखर पूर्ण ७५ वॅट देतो की नाही, कारण काही ऑफिस डेस्कटॉपमध्ये तेवढेही देत नाहीत. आमचा देत होता. तेव्हा कॉलेजातल्या एका सीनियरकडून जुनं जीटीएक्स १६५० घेतलं, साडेसहा हजारांना. २०१९ चं कार्ड, ७५ वॅटचं, वरून वायर न लागणाऱ्या प्रकारातलं. घेण्याआधी भाच्याने स्वतः टेप नेली होती. लांबी १७ सेंटिमीटर. ६५ अधिक ७५ अधिक ४०, झाले १८०. एसएमपीएस २४० चा. कागदावर बेरीज करून त्याने मला फोटो पाठवला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू!

ते ३०६० च्या जवळपासही जाणारं कार्ड नाही. पण ज्या चित्राला पाच तास लागायचे ते आता जेवण आटपेपर्यंत होतं. सबमिशन वेळेवर झालं. वीस हजार बाजूला आहेत, पुढे कधीतरी पूर्ण मशीन घ्यायला. आईला तिचे दहा हजार परत देऊ केले तर ती म्हणाली, राहू देत त्याच्याकडेच.

मला या सगळ्यात कार्डाचे पैसे गेल्याचं तितकं वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते चार दिवसांचं. ते पोरगं चार दिवस असं समजत होतं की आपल्यालाच बसवता येत नाहीये. मामा 'चालेल' म्हणालाय म्हणजे चालायला हवं, चूक आपलीच असणार. म्हणून आजीशी बोलायची चोरी. जो जाणकार समजला जातो त्याच्या बेफिकीर शब्दाचं ओझं हे असं दुसऱ्याच्या डोक्यावर जाऊन बसतं. तुमच्या घरातही तुम्ही कुठल्या ना कुठल्या गोष्टीतले जाणकार असालच. गाडीतले, औषधांतले, म्युच्युअल फंडातले. "चांगलं आहे का?" असं कुणी विचारलं तर एकदा उलट विचारून बघा, "तुझ्याकडे आधी काय आहे?" अर्धा तास जाईल जास्तीत जास्त.

असो. परवा आईकडे गेलो होतो. भाचा कॉम्प्युटरसमोर, आई त्याच्या मागे खुर्ची टाकून बसलेली. पडद्यावर कसलीशी वाचनालयाची इमारत हळूहळू उजळत होती. आई मला म्हणाली, "अरे, याचं हे आता भराभर होतं. तू सांगितलंस तेच बसवलं ना?"

भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "नाही गं आई. मी सांगितलं ते बसलं नाही. हे त्याने मोजून आणलंय."